शिंगं घासणारा नायक

गेल्या शनिवारी आमच्या घरमालकीणबाई चहाला आल्या होत्या. बाहेर पाऊस होता, म्हणून मी 'हेलबॉय' लावला. पडद्यावर रशियन मांत्रिक रास्पुतिन आला मात्र, बाई खुर्चीत पुढे सरकून म्हणाल्या, "नाश रोडेन!" म्हणजे 'आपला रोडेन'. कारेल रोडेन हा इथला चेक नट. मुखवट्याआडून एक शब्द न बोलता पाती फिरवणारा क्रोनेन साकारलाय तोही चेकच, लादिस्लाव्ह बेरान. २००४ सालचा हा चित्रपट बराचसा इथे प्रागमध्ये चित्रित झाला, आणि कथेतलं न्यूयॉर्क बघताना बाई मधूनमधून ओळखीच्या भिंती शोधत होत्या. २००८ चा दुसरा भाग, 'द गोल्डन आर्मी', हंगेरीत बुडापेस्टला झाला. इथून आगगाडीने जेमतेम सात तासांवर. दोन्हींचा दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो, आणि मूळ कॉमिक माइक मिन्योलाचं.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४४ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नाझी आणि रास्पुतिन मिळून दुसऱ्या जगाचं दार उघडतात. त्यातून एक लालभडक पोर बाहेर पडतं, उजवा हात दगडाचा, शेपूट, शिंगं. प्रोफेसर ब्रूम त्याला उचलून घरी आणतात आणि मुलगा म्हणून वाढवतात. जग बुडवायला आलेला पोरगा मोठा होऊन जग वाचवायच्या कामाला लागतो.

पहिल्या भागात एक अगदी छोटी गोष्ट आहे. हेलबॉयच्या कपाळावर शिंगांचे दोन गोल बुंधे दिसतात. नव्याने कामावर आलेल्या पोराला एक सहकारी सांगतो की तो ती घासून काढतो, चारचौघांत मिसळता यावं म्हणून. एवढंच एक वाक्य. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो प्रागला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, आणि त्या वाक्याला मी थांबले. त्या वर्षी मी घरी एकदाही सुकट भाजली नव्हती. आईने कुडाळहून दिलेली पिशवी तशीच कपाटात होती, जिन्यात वास जाईल म्हणून. शिंगं घासणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. शेवटी रास्पुतिन त्याची शिंगं पुरती वाढवतो तेव्हा वडिलांच्या जपमाळेचा क्रूस त्याच्या हातात येतो, तळव्यावर डाग उमटतो, आणि तो स्वतःच्या हाताने ती शिंगं मोडतो. ज्याने वाढवलं त्याचाच तो मुलगा. या जागी मला दर वेळी रडू येतं.

दुसरा भाग मात्र वेगळ्याच मातीचा आहे. मधल्या काळात, २००६ मध्ये, देल तोरोने 'पॅन्स लॅबिरिंथ' केला होता, त्याला तीन ऑस्करही मिळाले, आणि तो हात आता सुटलेला दिसतो. ब्रुकलिन पुलाखालचा ट्रोल बाजार डोळे भरून बघावा असा. पण खरी भर पडलीय ती खलनायकात. रास्पुतिन नुसताच दुष्ट होता. दुसऱ्या भागातला खलनायक, एल्फांचा राजपुत्र नुआडा, याची तक्रार खरी आहे: माणसांनी करार मोडला, जंगलं खाल्ली, आमच्या लोकांना कोपऱ्यात ढकललं. ती ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्गातले खाणींनी पोखरलेले डोंगर आले.

आणि तो प्रसंग! शहराच्या भर रस्त्यात वनदेव उभा राहतो, आपल्या जातीतला शेवटचा. एका हातात तान्हं बाळ आणि दुसऱ्या हातात बंदूक घेऊन हेलबॉय त्याच्यासमोर. नुआडा त्याला सांगतो की हाही तुझ्यासारखाच आहे. हेलबॉय गोळी झाडतो. वनदेवाचं हिरवं रक्त जिथे जिथे सांडतं तिथे शेवाळ पसरतं, फुलं उमलतात, गाड्या झाकल्या जातात. आणि ज्यांना वाचवलं ते लोक त्याच्या हातून बाळ ओढून घेतात, त्यालाच शिव्या देतात. पहिल्या भागात त्याला लपून राहावं लागत होतं, इथे तो सगळ्यांसमोर आलाय, आणि दिसल्यावरही नकोसाच आहे.

रचनेत दुसऱ्या भागात घाई आहे. हेलबॉयचा मत्स्यमानव सहकारी एब आणि नुआडाची बहीण राजकन्या नुआला यांचं प्रेम दोन दृश्यांत उरकतं, योहान क्राउस हा वायूरूपी नवा सहकारी येतो पण पुरता कळत नाही. पहिल्या भागात हेलबॉयचे वडील गेल्याची पोकळीही जाणवते. तरी मला विचाराल तर दुसराच मोठा चित्रपट. पहिला मला जवळचा आहे, पण मोठा दुसरा. दातपऱ्यांचा प्रसंग मात्र घरातल्या लहानग्यांना दाखवू नका, माणसं खातात त्या, आणि सुरुवात दातांपासून.

दुसरा भाग आम्ही रविवारी पाहिला. त्याची सुरुवात १९५५ च्या नाताळातली. वडील लहानग्या हेलबॉयला सोनेरी सैन्याची गोष्ट सांगतात, सत्तर गुणिले सत्तर सैनिक, आणि ती गोष्ट पडद्यावर लाकडी बाहुल्यांसारख्या आकृतींतून उलगडते. घरमालकीणबाई लगेच सरसावल्या, कारण बाहुल्या हा चेक माणसाचा जिव्हाळ्याचा विषय. मी फोनवर पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटो मोठा केला आणि राजाच्या बाहुलीला किती दोऱ्या आहेत ते बोटाने मोजायला लागल्या. चित्रपट तसाच थांबवून ठेवला होता.