आमची वाटचाल: मागची खोली पुढे आली

आम्ही दुकानांचं आतलं काम करतो. रॅक, काउंटर, शोकेस, ट्रायल रूम. महामारीआधी आमचं सगळं कसब एकाच गोष्टीत होतं: गिऱ्हाईक दुकानात जास्त वेळ कसं रेंगाळेल. रोज लागणारी वस्तू ठेवायची मागच्या भिंतीला, म्हणजे तिथवर जाताना बाकीचा माल नजरेखालून जातो. गल्ल्याशेजारी हाताच्या उंचीवर बारीकसारीक वस्तू, उभ्या उभ्या उचलायला. हे गणित आम्हाला तोंडपाठ होतं.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि थोड्याच दिवसांत आमची कामं जिथल्या तिथे थांबली. पावडर कोटिंग होऊन तयार झालेले रॅक वर्कशॉपमध्ये उभे, आणि मालक शटर ओढून घरी. मग एकदम फोन सुरू झाले. सगळ्यांना हवं होतं एकच, काउंटरवर गिऱ्हाईक आणि दुकानदाराच्या मधे लावायचा अॅक्रिलिकचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिक शीटचा पडदा. कितीतरी देशांत तेव्हा शीटची टंचाई होती. तळाला चार बोटं उंचीची खाच ठेवायची, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नाहीतर हात कापतो. एवढं करून बसवलं, तर पडद्यामागचं ऐकू येईना म्हणून गिऱ्हाईक बाजूने मान काढून बोलायचं! मी स्वतः पाहिलंय, आणि मुकाट पुढचा पडदा बसवायला गेलोय.

चूक माझीच. हे कायमचं राहणार असं धरून मी शीटचा मोठा साठा केला. पुढे कळत गेलं की विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, पृष्ठभागावरून फार कमी, आणि पडद्याने उलट हवा अडू शकते. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं, पण आमच्या गिऱ्हाइकांनी त्याच्या कितीतरी आधी पडदे उतरवले होते. साठा माझ्या गळ्यात.

राहिलं ते वेगळंच. एक जुने दुकानदार म्हणाले, "अहो, माणूस आत न येता माल बाहेर जाईल, असं काहीतरी करून द्या." तात्पुरतं म्हणून दाराशी नंबर घातलेले कप्पे करून दिले, ऑर्डरच्या पिशव्या ठेवायला. ते तात्पुरते कप्पे त्यांनी आजतागायत काढलेले नाहीत. उलट मागच्या खोलीची भिंत पुढे सरकवून घेतली, पॅकिंगचं टेबल वाढवलं. त्या खोलीत आमचं जुनं गणित पार उलटं चालतं. जास्त खपणारा माल टेबलाच्या सगळ्यात जवळ, कारण तिथे रेंगाळायचं कुणालाच नसतं. माल काढणाऱ्या पोराची पावलं वाचली पाहिजेत. नवीन कामात गिऱ्हाईक कुठून फिरेल यापेक्षा पिशवी कुठून फिरेल, हे मी आधी विचारतो.

गल्लाही आक्रसला. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला. आता काउंटरच्या मापात त्याच्या स्टँडची जागा आधी सोडतो आणि नोटांचा ड्रॉवर अरुंद करतो.

ट्रायल रूमबद्दल मात्र मी दुसऱ्यांदा तोंडघशी पडलो. लोक घरीच दोन मापं मागवून एक परत करतात, मग ती हवी कशाला, असं मी एकदोघांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही ते बरं झालं. अमेरिकेत सरकारी आकड्यांनुसार किरकोळ विक्रीतला ऑनलाइन हिस्सा २०२० मध्ये उसळून सुमारे १६ टक्क्यांवर गेला, पण म्हणजे बहुतेक खरेदी तेव्हाही दुकानांतूनच झाली. आता जो दुकानात येतो तो हात लावून, घालून बघायलाच येतो. त्याला मोठा आरसा आणि बसायला स्टूल लागतं. परत आलेल्या मालासाठी वेगळा कप्पा लागतो, तो आधी कुणी मागायचंच नाही.

गल्ल्याशेजारच्या त्या बारीकसारीक वस्तूंचं मला वाईट वाटतं. पिशवी घेऊन दारातूनच परतणाऱ्याला त्या दिसतच नाहीत, आणि स्क्रीनवर त्यांची जागा अजून कुणाला नीट जमलेली नाही, असं माझं मत.

उरलेल्या शीट कापून आम्ही पिशव्यांच्या कप्प्यांना आडव्या पट्ट्या लावत आलो. चार अजून भिंतीला टेकून आहेत. वरची संरक्षक फिल्म इतकी चिकटली आहे, की कोपरा नखाने उचलावा लागतो आणि तरी ती पट्ट्यापट्ट्यांनी फाटत येते.