चाफ्याची झोप आणि ह्यूस्टनचा ओला हिवाळा

ह्यूस्टनला आल्यावर पहिल्या तीन वर्षांत माझ्याकडची चाफ्याची चार झाडे मेली आणि ती चारही मी स्वतःच, मोठ्या मायेने पाणी घालून मारली. कोकणातल्या आमच्या घराच्या मागील दारी, विहिरीच्या काठाला पांढरा चाफा आहे. त्याला कुणी खत घातल्याचे किंवा आळे केल्याचे मला आठवत नाही. वाऱ्याने मोडलेली फांदी कुंपणात खोचून ठेवली, तर पावसाळ्यात तिलाही पाने फुटत. इतके चिवट झाड माझ्याच हातून का मरावे, हे मला कळत नव्हते. आईला फोनवर सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, चाफ्याला थंडीत कुणी पाणी घालतं का?"

तिच्या त्या प्रश्नात खरे उत्तर होते, पण ते नीट समजायला मला आणखी दोन हिवाळे लागले. इथे उष्ण प्रदेशातली फुलझाडे लावणारा प्रत्येक नवखा माणूस थंडीला घाबरतो. तसे घाबरणे योग्यच आहे, कारण ह्यूस्टन दिल्लीपेक्षाही थोडे उत्तरेला आहे आणि बहुतेक हिवाळ्यांत एखाद-दुसऱ्या रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. मात्र थंडीइतकाच घात इथला पाऊस करतो. ह्यूस्टनला वर्षाकाठी सुमारे १२५० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात याच्या दुपटीहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि पुढे जमीन कोरडी राहते. इथे डिसेंबर-जानेवारीतही आठवडाभर झड लागते. त्यातच इथल्या मातीला स्थानिक लोक 'गम्बो' म्हणतात. ती आपल्या देशावरच्या काळ्या मातीसारखी भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि पाणी धरून बसते. पानगळ होऊन झोपी गेलेल्या चाफ्याला पाणी ओढायला पानेच नसतात, त्यामुळे गार, चिकट चिखलात त्याची मुळे सडतात आणि ती सड खोडात वर चढते. आपल्याकडचा चाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर होते. पण ती त्याची कोरडी विश्रांती असते आणि ती त्याला मिळालीच पाहिजे, हे कधी ध्यानात आले नव्हते.

गंमत अशी की ज्या झाडाला मी 'आपले' समजून इथे रुजवू पाहत होते, ते मूळचे इकडचेच आहे. देवचाफा, खुरचाफा अशी अस्सल मराठी नावे मिरवणारे हे झाड मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचे असून निकाराग्वाचे ते राष्ट्रीय फूल आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे शार्ल प्लुमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. म्हणजे त्याची जन्मभूमी पुण्यापेक्षा ह्यूस्टनलाच जवळ. इथे त्याचे वेड असलेली माणसेही आहेत. 'प्लुमेरिया सोसायटी ऑफ अमेरिका' ही संस्था १९७९ साली ह्यूस्टनमध्येच सुरू झाली. भारतातून फांदी आणण्याचा विचार मी केव्हाच सोडला होता, कारण रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, विमानतळावर तपासणी होते आणि माती चिकटलेले झाड तर आणताच येत नाही. म्हणून इथल्याच एका हौशी माळ्याकडून मी 'सेलडीन' या पिवळ्या जातीच्या फांद्या घेतल्या. हवाईमध्ये ही जात पूर्वापार स्मशानभूमीत लावली जाते, हे कळल्यावर आमच्या सासूबाई दोन दिवस त्या फुलाकडे जरा संशयाने पाहत होत्या.

छाट कलम कसे करावे, हे त्या माळ्याने मला शिकवले आणि त्यातला मुख्य धडा पुन्हा वाट पाहण्याचाच निघाला. हात-दीड हात लांबीची, करड्या सालीची जून फांदी कापायची, पाने काढायची, वाहणारा पांढरा चीक अंगाला लागू द्यायचा नाही आणि मग ती सावलीत पंधरा दिवस नुसती पडू द्यायची. कापलेल्या टोकावर कोरडी, टणक खपली धरली, की मगच ती लावायची. ओल्या जखमेने मातीत गेलेली फांदी बहुधा आतून काळी पडते. कुंडीत अर्धे परलाइट (उष्णतेने फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि अर्धा पाइनच्या सालीचा भुगा घालते, नुसती माती मुळीच नाही. लावताना एकदा पाणी दिले की चांगली वीतभर पाने फुटेपर्यंत हात आवरायचा. सुरुवातीची दोन-तीन पाने फांदीतल्या साठ्यावर फुटतात, त्यावरून मुळे धरली असे समजू नये. मी तसे समजून दोन फांद्या घालवल्या आहेत. कुंडीही लहानच हवी, कारण मुळे पोचत नाहीत तिथली ओल आंबत राहते.

नोव्हेंबरअखेर पाने पिवळी पडू लागली की झाडे कुंडीतून उपसायची, मुळांभोवतीची मातीची हुंडी झटकून मोकळी करायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि गॅरेजच्या कोपऱ्यात मार्चपर्यंत आडवी ठेवून द्यायची. पहिल्या वर्षी मला ते फार निर्दय वाटले. जिवंत झाड सरपणासारखे रचून ठेवायचे आणि साडेतीन महिने त्याला थेंबभर पाणी द्यायचे नाही, हे मनाला पटेना.

मग फेब्रुवारी २०२१ आला. १५ आणि १६ तारखेला ह्यूस्टनचा पारा उणे १० अंशांच्या आसपास गेला, टेक्सासमधली ४० लाखांहून अधिक घरे अंधारात बुडाली आणि आमच्याकडे अडीच दिवस वीज नव्हती. माणसेच घरात स्वेटर, कोट आणि गोधड्या पांघरून बसली होती. झाडांकडे पाहायला सवड कुठून असणार? अंगणात जमिनीत लावलेल्या मोठ्या चाफ्यावर मी दोन रजया टाकून त्या खोडाशी आवळून बांधल्या होत्या. तीच चूक ठरली, कारण ऊब जमिनीतून येते आणि पांघरूण जमिनीपर्यंत पोचले नाही तर ते निरुपयोगी असते. ते झाड आठवड्यात काळे, मऊ आणि दुर्गंधीयुक्त झाले. गॅरेजमध्ये सहा झाडे होती. चार कागदात कोरडी गुंडाळलेली होती आणि दोन मी जीव न राहवून कुंडीतच ठेवून आदल्या आठवड्यात पाणी पाजलेली. ती दोन्ही सडली. कोरडी चारही वाचली. त्यांतल्या एकाचे फक्त शेंडे जळाले, ते मी आत पांढराशुभ्र गाभा आणि ताजा चीक दिसेपर्यंत छाटत नेले. तेव्हापासून गॅरेजमध्ये जाऊन खोड बोटाने दाबून पाहायचे, टणक लागले तर मुकाट्याने परत यायचे, एवढेच माझे हिवाळ्यातले बागकाम.

मोगऱ्याची कथा मात्र उलट आहे आणि ती थोडक्यातच सांगते. इथल्या रोपवाटिकेत आपला बटमोगरा 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' अशा भारदस्त नावाने मिळतो. त्याला कोरडे ठेवून चालत नाही. शेवटची थंडी सरल्यावर त्याची जोरात छाटणी केली की एप्रिलमध्ये कळ्या धरतात. मात्र नळाच्या अल्कधर्मी पाण्याने त्याची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून त्याच्यासाठी मी पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवते.

चाफ्याची पुनर्लागवड मी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात करते. शेंड्यावर हिरवी नखी दिसली की झाड जागे झाले असे समजायचे. मगच ते कुंडीत बसवायचे, काठीचा आधार द्यायचा, पहिले दहा दिवस सावलीत ठेवायचे आणि नंतर उन्हात सरकवायचे, नाहीतर कोवळी साल भाजते. सप्टेंबरात पानांच्या मागे तांबेऱ्याची केशरी पूड दिसते, ती पाने तोडून टाकली की पुरे होते.

फुललेला शेंडा तिथेच थांबतो आणि त्याच्या बाजूने दोन-तीन नवे फाटे फुटतात, त्यामुळे बुंध्यापासून टोकापर्यंत बेचके मोजले की झाड किती वेळा फुलले ते कळते. २०२१ मध्ये शेंडे जळालेल्या त्या झाडाला काल मी चार बेचके मोजले. पाचव्याची कळ्यांची मूठ वर आली आहे, आणि गॅरेज रिकामे झाल्यामुळे यजमानांची गाडी चार महिन्यांनी आत गेली आहे.