तुम्ही विचारलंत म्हणून: अजाइल म्हणजे प्लॅनच नाही का?

मी अजाइल पद्धतीने, म्हणजे थोडं थोडं बनवून, वापरणाऱ्याला दाखवून, बदलत बदलत सॉफ्टवेअरचं काम करतो, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘अजाइल म्हणजे आधी काही ठरवायचंच नाही, असंच ना?’ परवा ठाणे गाडीत शेजारच्या काकांनी विचारलं. आयुष्यभर पुलांची कामं केलेला माणूस. माझं उत्तर अर्ध्यावर होतं आणि घाटकोपर आलं.

आरोप अगदीच हवेतला नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला, सॉफ्टवेअरवाली १७ माणसं जमली आणि त्यांनी अजाइलचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याची चौथी ओळ म्हणते, ठरलेला प्लॅन पाळण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं. प्लॅनलाही मोल आहे, हे तिथेच खाली लिहिलंय, पण तेवढं खाली कोण वाचतो!

मी ज्या पद्धतीने काम करतो ती अजाइलमधलीच एक, ब्रिटनमधली, १९९४ सालची, डीएसडीएम नावाची. तिच्यात तारीख आणि पैसा आधीच पक्का करतात. मागेपुढे होते ती कामांची यादी. लोकांचा गोंधळ होतो तो इथेच.

मुंबईच्या लोहार चाळीत विजेच्या सामानाची एक पेढी आहे, गोदाम भिवंडीला. सगळा कारभार वह्यांवरून कॉम्प्युटरवर आणायचा होता. तारीख १ एप्रिल, कारण नवं आर्थिक वर्ष, बिलांचे नंबर नव्याने. शेठनी ४३ कामांची यादी दिली आणि म्हणाले, सगळीच अर्जंट. आमच्याकडे चार कप्पे असतात: मस्ट (हवंच), शुड (हवं), कुड (जमलं तर) आणि ‘या खेपेला नाही’. कप्प्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या वाटणीला मॉस्को म्हणतात. शेठनी रशियाचा काय संबंध म्हणून विचारलं, ते सोडा. नियम असा की मस्टमध्ये एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांवर काम भरायचं नाही, म्हणजे अडचण आली तर टाकून द्यायला काहीतरी हाताशी राहतं. दोन दिवस घासाघीस झाली. शेठच्या मोबाइलवरचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारा स्क्रीन, अर्थातच मस्टमध्ये गेला.

तिसऱ्या आठवड्यात स्टॉकचा अर्धवट स्क्रीन घेऊन भिवंडीला गेलो. गोदाम सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी शर्टाला बोट पुसलं आणि पहिलीच नोंद करायला घेतली ती तुटक वायरची. बंडल ९० मीटरचं, गिऱ्हाइकाने ३५ नेली. आमच्या स्क्रीनला अख्खी बंडलंच कळत होती.

‘मग हे पंचावन्न मीटर कुठे लिहू? खिशात?’

ड्रॉवरमधून निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. पानंच्या पानं तुकडे, विकले गेलेल्यांवर लाल टिक. लोहार चाळीतल्या एकाही मीटिंगमध्ये ही वही निघाली नव्हती, कारण ती आहे हेच वर कुणाला माहीत नव्हतं. सगळं बांधून एकदम १ एप्रिलला गेलो असतो, तर आम्हालाही त्याच दिवशी कळलं असतं.

त्या संध्याकाळी तुटक वायर मस्टमध्ये आली आणि डॅशबोर्ड खाली गेला. शेठ दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तारीख तीच राहिली, पैसेही तेवढेच.

सगळंच जमलं असंही नाही. रोज पंधरा मिनिटं उभ्याने मीटिंग घ्यायची असते. भिवंडीत ती ट्रक लागला की मोडायची आणि ऑफिसात तिची हजेरी झाली. बऱ्याच ठिकाणी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात, साहेब तेच राहतात आणि त्याला डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. आणि काका, पुलाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. खांब ओतल्यावर खालच्या मामांना विचारून काय उपयोग?

जूनमध्ये गेलो तेव्हा निळ्या वहीत शेवटची नोंद १९ मेची होती. शेठचा डॅशबोर्ड जुलैत झाला. स्टॉक विचारायला ते अजून मामांनाच फोन करतात.