आमची वाटचाल : पावणेतीन मीटरची काडी

वडिलांनी दुकान सुरू केलं ते रेडिओ दुरुस्तीचं. जळगावात नेरी नाक्याकडे आठ बाय दहाचा गाळा, एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि मागच्या फळीवर व्हॉल्व्हच्या जुन्या सेटांची रांग. सेट दुरुस्त झाला की आण्णा आधी ९६३ किलोहर्ट्झवर आकाशवाणी जळगाव लावायचे. आवाज स्वच्छ आला तरच सेट गिऱ्हाइकाच्या हातात जायचा. ऐकणं मी त्यांच्याकडून शिकलो. पाठवणं मात्र मला स्वतःच शिकावं लागलं, आणि ते महागात पडलं.

सीबी सेटचं, म्हणजे सिटिझन्स बँडवर एकमेकांशी बोलायच्या वायरलेस सेटचं, पहिलं मोठं काम आलं सावद्याकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून. गोदामात एक सेट, आणि बागांमधून घड आणणाऱ्या चार गाड्यांवर एकेक. परवाना होता, सेट चांगले होते. तक्रार एकच: “दादा, चार किलोमीटरपर्यंत बोलणं होतं, पुढे नुसती खरखर. जरा पॉवर वाढवून द्या.”

मी वाढवून दिली. सेट उघडले, आतल्या जुळणीचे बारीक पेच, म्हणजे ट्रिमर, फिरवले, कॉइलमधले कोअर हलवले. मीटरवर ४ वॅटचे ७ झाले आणि मला वाटलं, काम फत्ते. आठवड्याभरात गोदामाच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पट्ट्या उठायला लागल्या. बोलताना आवाज फाटायला लागला, कारण वॅटच्या नादात मी मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीवर आवाज किती चढवायचा त्याची, मर्यादाही सैल करून ठेवली होती. त्यात अंतर होतं तेवढंच राहिलं. तीन आठवड्यांत दोन सेटांचे शेवटच्या टप्प्याचे ट्रान्झिस्टर, २सी१९६९, जळून आले. ते मी माझ्या पैशाने बदलून दिले.

आण्णा तेव्हा रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सेट उघडून पाहिलास. अँटेनाकडे मान वर करून पाहिलंस का?”

पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोदामाच्या गच्चीवर चढलो. अँटेनापासून खालच्या सेटपर्यंत साधारण शंभर फूट बारीक आरजी-५८ केबल होती, मध्ये एक जोड नुसता पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि वरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज. एवढ्या लांबीत ही बारीक केबल चांगल्या स्थितीतही २७ मेगाहर्ट्झवर तिसऱ्या हिश्शाहून जास्त शक्ती खाते. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा, लावला. त्यावर १ म्हणजे उत्तम; इथे खाली सेटपाशीच काटा ३ वर. म्हणजे जे वर पाठवायचं, त्यातला चौथा हिस्सा परत येत होता. खराब केबल परत येणारंही खाते, त्यामुळे वर अँटेनापाशी स्थिती याहून वाईट असणार. ट्रिमर फिरवून यातलं काय सुधारणार होतं?

जाड आरजी-२१३ केबल टाकली, मधला जोड काढून टाकला, पीएल-२५९ कनेक्टर नीट सोल्डर करून बसवले. सेट पुन्हा मूळच्या ४ वॅटवर आणले. संध्याकाळी व्यापाऱ्याचा भाऊ तापीकाठच्या बागेतून बोलला आणि गोदामात आवाज लख्ख आला. ११ किलोमीटर. त्या दिवशी त्यांच्या घरी भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, ती चव अजून जिभेवर आहे.

तेव्हापासून दुकानाचा एक नियम झाला: वॅट वाढवण्याचं काम घ्यायचं नाही. गिऱ्हाइकाला हिशेब सांगतो. शक्ती दुप्पट केली तर फरक ३ डेसिबलचा पडतो. समोरच्या सेटच्या मीटरवर एक खूण वर जायला ६ डेसिबल लागतात, म्हणजे ४ वॅटचे १६ करावे लागतात. तेवढ्यासाठी सेट तापवायचा, कायदा मोडायचा आणि शेजाऱ्यांचा त्रास ओढवून घ्यायचा. केबल आणि अँटेना दुरुस्त केली तर तेवढाच फायदा एका दुपारच्या कामात मिळतो, आणि तो ऐकण्यातही मिळतो. वॅट वाढवून कान वाढत नाहीत.

कायद्याबद्दल इथेच सांगतो. भारतात सीबीचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ. २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातल्या, ५ वॅटपर्यंतच्या आणि अंगचाच अँटेना असलेल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली. गाडीवर किंवा गच्चीवर वेगळा अँटेना चढवायचा असेल तर परवान्याचा कागद दाखवा, मगच आम्ही हात लावतो. यावरून काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ दिली. दुसरी गोष्ट बाहेरून आलेल्या ४० चॅनेलच्या सेटांची. त्यांची चॅनेल २८ पासूनची वारंवारता आपल्या पट्ट्याबाहेर जाते. म्हणून आमच्याकडे अँटेनाची जुळणी १, १४ आणि २७ या तीन चॅनेलवर होते.

ही जुळणी म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब, तिचा चौथा भाग पावणेतीन मीटर, अँटेनाची पूर्ण काडी एवढी. एवढी उंच काडी गाडीवर लावली तर ती बाभळीत नाहीतर विजेच्या तारेत अडकणार. म्हणून बुडाशी कॉइल असलेली चार-साडेचार फुटांची काडी लावतो. ती आखूड असल्यामुळे नेमकी जुळवावी लागते, अर्ध्या सेंटिमीटरनेही फरक पडतो. चॅनेल १ वर एसडब्ल्यूआर जास्त आणि २७ वर कमी असेल तर काडी आखूड आहे, बाहेर काढायची. उलट असेल तर लांब आहे, आत सरकवायची किंवा कापायची. कापताना माझा हात आजही थांबतो, कारण कापलेली काडी वाढत नाही. तिन्हीकडे आकडा जास्त असेल तर काडीला हातच लावायचा नाही. दोष केबलमध्ये नाहीतर जमिनीत, म्हणजे गाडीच्या अंगाशी होणाऱ्या जोडात.

हा जमिनीचा धडा ट्रकांनी शिकवला. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रकांची मागची बॉडी लाकडी. तिच्या फळीवर अँटेना ठोकला तर त्याच्याखाली लोखंडच नसतं, आणि अशा काडीला पायाखाली धातूचा पत्रा लागतो, नाहीतर तिचं निम्मं अंगच नसल्यासारखं होतं. आम्ही केबिनच्या टपावर ब्रॅकेट बसवतो, बोल्टखालचा रंग चकाकेपर्यंत खरवडतो आणि जाड पट्टीने चासीला जोडतो. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, सेट १२ चा, म्हणून मध्ये कन्व्हर्टर येतो. स्वस्त कन्व्हर्टर इतका गोंगाट करतो की समोरचा बोलतोय की नाही तेच कळत नाही. चांगला घ्यावा, हे मी हात जोडून सांगतो.

आणखी एक चूक नोंदवून ठेवतो. धुळ्याकडच्या एका गाडीची जुळणी मी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडखाली केली. मीटरवर १.३, मी खूश. चालक लळिंग घाटात पोचला तेव्हा त्याचा आवाज विरून गेला. गाडी परत बोलावली, मोकळ्या मैदानात उभी करून मोजलं तर २.२. वरच्या पत्र्याने मीटरला फसवलं होतं. आता कितीही ऊन असो, गाडी उघड्यावर न्यायची, दारं बंद करायची, आसपास माणूस उभा ठेवायचा नाही, मग मोजायचं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, केबिनच्या टपाला हात लावला तर भाजतं, तरीही.

सेटच्या आतलं काम राहिलं, ते कमी असतं पण नाजूक असतं. ते डमी लोडवर, म्हणजे ५० ओहमच्या भारावर करतो, हवेत काही सोडत नाही. कोअर फिरवायला प्लॅस्टिकचा पेचकस लागतो. लोखंडी पेचकस जवळ नेला की कॉइल बदलते, आणि ठिसूळ कोअर तडकला तर सेट कायमचा बसतो. कारखान्याने मेण लावून बंद केलेला कोअर कारणाशिवाय हलवू नये. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं लांब धरून नेहमीच्या आवाजात बोलायचं, हे तर प्रत्येक चालकाला करून दाखवावं लागतं. ओरडलं की समोरून उत्तर येतं, “भाऊ, तुना आवाज फाटी राहिना!”

पावसाळा आमचा कामाचा हंगाम. पाणी कनेक्टरमधून केबलच्या जाळीत शिरतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळतो आणि खाली केबलला एक झोळ देतो, पाणी तिथून गळून पडावं म्हणून.

मोबाईल आल्यावर धंदा निम्म्याहून खाली आला. दोन वर्षं तर घरखर्च मोटारपंपांच्या स्टार्टर दुरुस्तीवर चालला. टिकलो ते सातपुड्याच्या कुशीतल्या कामांमुळे, जिथे दरीत उतरलं की मोबाईलला रेंज नसते. आता पुतण्या हाताशी आहे. त्याच्याकडे हाताच्या तळव्यावर मावणारा नॅनोव्हीएनए आहे, त्यात अँटेनाचा पूर्ण आलेख एका नजरेत दिसतो. माझा जुना काट्याचा मीटर मी अजून शेजारी ठेवतो, दोघांचं एकमत झालं की कार्डावर आकडे लिहितो. प्रत्येक गाडीचं असं कार्ड आम्ही देतो: तारीख आणि तीन आकडे.

मागच्या महिन्यात त्या केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा आला. वडिलांच्या कागदांत सापडलेलं कार्ड त्याच्या हातात, माझ्याच अक्षरातलं: १.३, १.२, १.४. “काका, गाडी बदलली, अँटेना तोच आहे. आवाज जात नाही. पॉवर वाढवावी लागेल का?” पुतण्याने मोजलं: २.४, २.३, २.५. तिन्ही सारखेच चढलेले. तो माझ्याकडे न बघता थेट ब्रॅकेटचा बोल्ट सोडवायला लागला. नव्या गाडीचा नवा रंग बोल्टखाली तसाच होता.