दर वेळी सारखाच लागणारा मध

ग्लासभर पाणी, त्यात मधाची धार. धार न विरघळता तळाशी जाऊन बसली की मध शुद्ध! हा व्हिडिओ मला इतक्या जणांनी पाठवलाय की आता पहिल्या चित्रावरूनच ओळखू येतो. खाली प्रश्न ठरलेला: "तू तर अन्न तपासणीच्या लॅबमध्ये आहेस, खरंय का गं हे?"

नाही. मध पाण्याच्या जवळपास दीडपट जड असतो, म्हणून तळाशी जातो. साखरेचा घट्ट पाक किंवा ग्लुकोज सिरपही तितकंच जड आणि तितकंच चिकट असतं, तेही तितक्याच ऐटीत तळाशी जाऊन बसतं. अंगठ्यावरचा थेंब, कागदावरचा डाग, मधात बुडवून पेटवलेली काडी, या सगळ्या परीक्षा एवढंच सांगतात की समोरचा पदार्थ किती घट्ट आहे. यातली गंमत म्हणजे पोळ्यातून जरा लवकर काढलेला, पाणी जास्त असलेला पण शंभर टक्के खरा मध या परीक्षेत नापास होतो आणि नीट आटवलेला पाक पहिल्या वर्गात पास होतो.

घट्टपणा मोजायचाच तर त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर आहे. काचेवर मधाचा एक थेंब ठेवायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जिथे येते तिथे पाण्याचं प्रमाण वाचता येतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाप्रमाणे ते साधारणपणे २० टक्क्यांच्या वर नको. पाणी त्याहून जास्त असेल तर मधात मुळातच असलेले यीस्ट जागे होतात, मध आंबायला लागतो, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. माश्यांना हे आपल्याआधीपासून कळतं. फुलातला पातळ मकरंद त्या पंखांनी वारा घालून आटवतात आणि पुरेसा घट्ट झाला की कप्प्यावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागायच्या आत पोळं पिळण्याची घाई झाली की मधाचा दर्जा तिथेच घसरतो, भेसळ कुणी केली नसली तरी.

भेसळ पकडणं हा मात्र चोर-पोलिसांचा जुना खेळ आहे. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन घेतात तो एका मार्गाने, आणि माश्या ज्या फुलांवर जातात त्यातली बहुतेक झाडं दुसऱ्या मार्गाने. त्यामुळे दोन्हींच्या साखरेत कार्बनच्या जड समस्थानिकाचं, म्हणजे जरा जास्त वजनाच्या कार्बन अणूंचं, प्रमाण वेगळं पडतं आणि उसाची किंवा मक्याची साखर मधात मिसळली की उपकरणाला समजते. हे कळल्यावर भेसळ करणारे तांदळाच्या आणि बीटच्या सिरपकडे वळले, कारण ती झाडं फुलझाडांच्याच मार्गाने कार्बन घेतात. मग मधातल्या रेणूंचा ठसा घेणाऱ्या एनएमआरसारख्या तपासण्या आल्या. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये आयात मधाच्या तपासणीचे निकाल जाहीर केले, त्यात ३२० पैकी १४७ नमुने संशयास्पद निघाले, म्हणजे ४६ टक्के. संशयास्पद म्हणजे सिद्ध नव्हे, हेही सांगायला हवं. पण एवढी यंत्रं जिथे चाचपडतात तिथे ग्लासभर पाणी काय सांगणार?

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते मधाला सूक्ष्मदर्शकाखाली घालणं. थोडा मध कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवायचा, तळाशी जो गाळ बसतो त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. सूर्यफुलाच्या कुळातले परागकण काटेरी चेंडूसारखे दिसतात. निलगिरीचे त्रिकोणी. मोहरीच्या कुळातल्यांवर बारीक जाळी. मध्येच एखादा गवताचा गुळगुळीत गोल कण, जो वाऱ्याबरोबर उडत येऊन मधात पडलेला असतो. एकाच जातीचे पराग साधारण ४५ टक्क्यांच्या वर असले तर तो मध त्या फुलाच्या नावाने विकता येतो (काही फुलांसाठी हा आकडा वेगळा धरतात). बहुफुली मधात असं कुणी एक वरचढ नसतं. काचपट्टीवर नुसती गर्दी असते, आणि ती गर्दी दर हंगामाला बदलते. आणि गाळात पराग जवळजवळ नाहीतच असं दिसलं की समजायचं, मध अतिबारीक गाळणीतून काढलाय. मग तो कुठून आला हे शोधायची एक वाटच बंद होते.

म्हणून बहुफुली मध वर्षभर एकाच रंगाचा, एकाच चवीचा येत राहिला की माझ्या कपाळावर आठी पडते. तो नकली असेलच असं नाही. मोठे व्यापारी वेगवेगळे साठे एकत्र करून चव जुळवतात, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्या गोष्टीसाठी बहुफुली मध घ्यायचा तीच त्यात पुसली जाते. एका बरणीत जरा तुरट, पुढच्या हंगामात फुलांचा दाट वास, कधी जवळजवळ काकवीसारखा काळा. ग्राहक याचीच तक्रार करतात, "मागच्या वेळी असा नव्हता!" अहो, मागच्या वेळी फुलं वेगळी होती.

आता 'सेंद्रिय'. माशीला शेताचं कुंपण दिसत नाही. ती मकरंदासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, वेळ पडली तर त्याहून लांब. म्हणून युरोपच्या सेंद्रिय नियमांत पेट्यांभोवतीच्या ३ किलोमीटर परिघाचा विचार होतो. त्या टापूत मुख्यतः सेंद्रिय पिकं किंवा आपोआप वाढलेली वनस्पती हवी. पेटीतलं मेणही तपासतात, कारण कीटकनाशकं आणि माश्यांना लागणाऱ्या गोचिडीवरची औषधं मेणात मुरून बसतात. गोचिडीसाठी फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, थायमॉल असले मोजके उपाय चालतात. थोडक्यात, सेंद्रियपणा हा जागेचा आणि पाळणाऱ्याच्या वहीचा विषय आहे. बरणीतल्या मधाचा रंग बघून तो कळत नाही, चाखूनही नाही. प्रमाणपत्राला नाकं मुरडणारे लोक मला भेटतात, पण वही तपासणारं कुणीतरी आहे ही सोय कमी नाही.

मात्र त्या शिक्क्यावरून मध किती तापवला होता हे समजत नाही. त्यासाठी एचएमएफ बघावं लागतं. मध तापला किंवा उन्हात, गरम गोदामात फार काळ पडून राहिला की त्यातल्या फळसाखरेपासून हे रसायन वाढत जातं. मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. जोडीला डायास्टेज नावाचं विकर मोजतात, जे उष्णतेने कमी होतं. एक चढतं, दुसरं उतरतं. अहवाल हाती आला की मी आधी हे दोन आकडे बघते. विकणाऱ्याने अहवाल दाखवायला खळखळ केली तर तो मध मी घेत नाही, बरणीवर माशीचं चित्र कितीही गोड असो.

आणि मध रवाळ झाला तर फेकू नका. मधातलं ग्लुकोज पाण्यात जेमतेम विरघळून असतं, थंडी पडली की त्याचे खडे बनतात. १४ अंशांच्या आसपास ते सगळ्यात झपाट्याने होतं. ज्या फुलांत ग्लुकोज जास्त त्यांचा मध आठवड्यांत गोठतो, काहींचा वर्षभरही पातळ राहतो. यावरून शुद्ध-अशुद्ध काही ठरत नाही, दोन्ही बाजूंनी नाही. पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवून द्यायची, हात सहज बुडवता येईल इतपतच कोमट, आणि मधूनमधून ढवळायचं. वेळ लागतो, लागू द्यावा. गॅसवर ठेवून घाई केली तर लॅबमध्ये ज्या एचएमएफवरून आम्ही साठे नाकारतो तेच घरी वाढवून ठेवाल.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र कोणताच मध चाटवू नका, सेंद्रिय असो, रानातला असो, समोर काढलेला असो. त्यात बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. मध घरी उकळूनही ते मरत नाहीत, आणि आमच्या नेहमीच्या शुद्धतेच्या अहवालात त्यांच्यासाठी रकानाही नसतो.