आमची वाटचाल: गोव्याच्या आतल्या तालुक्यांतले दिशादर्शक फलक

फोंड्यातली आमची कार्यशाळा दुकानांच्या पाट्यांपासून सुरू झाली. आता कामाचा मोठा भाग सांगे, केपे, धारबांदोडा आणि सत्तरी या तालुक्यांत पर्यटकांसाठी दिशादर्शक फलकांचे नियोजन करण्याचा आहे. पत्रा कापणे, त्यावर दिव्याच्या उजेडात चमकणारी परावर्तक शीट चढवणे ही कामे शेवटी येतात. कुठल्या तिठ्यावर फलक हवा, त्यावर कुठली नावे घ्यायची आणि कुठली गाळायची, हे ठरवण्यात खरा वेळ जातो.

किनाऱ्यावर वाट चुकली तर सांगायला पावलोपावली माणसे असतात. नेत्रावळीच्या पुढे किंवा चोर्ल्याच्या बाजूला मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि पुढचा वाडा येईपर्यंत कोणी भेटत नाही. भाड्याच्या दुचाकीवरून आलेला पर्यटक अंधार पडताना रानातल्या फाट्यावर उभा राहतो, तेव्हा त्याला फलकाचाच आधार असतो.

म्हणून आमचा पहिला नियम असा: एखादे नाव एकदा फलकावर चढले की मुक्कामापर्यंत प्रत्येक फाट्यावर ते दिसलेच पाहिजे, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने. महामार्गावर ठळक नाव, आतल्या दुसऱ्या तिठ्यावर काहीच नाही, असा प्रकार सर्वाधिक आढळतो. कारण साधे आहे. महामार्ग एका खात्याकडे, आतला रस्ता दुसऱ्या उपविभागाकडे, शेवटचा तुकडा पंचायतीकडे. प्रत्येक जण आपल्यापुरते काम काढतो. आम्ही आराखडा करताना ठिकाणापासून उलटे मागे येतो. आधी गाडी लावायची जागा, मग तिच्या अलीकडचा फाटा, मग त्याच्या अलीकडचा, असे करत महामार्गापर्यंत. उलटे आल्याने एकही फाटा निसटत नाही. तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिराला मोल्यावरूनही जाता येते आणि वाळपईच्या बाजूनेही, त्यामुळे तिथे फलकांच्या दोन वेगळ्या साखळ्या लागतात आणि त्या जिथे मिळतात तिथला फलक दोन्ही बाजूंनी वाचता यावा लागतो. परतीचे फलकही याच आराखड्यात धरतो. देवळातून बाहेर पडणाऱ्याला ‘मोले’, ‘फोंडा’, ‘वाळपई’ ही नावे हवी असतात आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जातात.

यादी करताना प्रत्येक ठिकाणाला चार प्रश्न विचारतो. वाहने उभी करायला जागा आहे का? मिनीबस वळते का? पावसाळ्यात रस्ता चालू असतो का? आणि गावाला लोक यायला हवे आहेत का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर नाव गाळायचे. सत्तरीतल्या काही देवरायांबाबत ग्रामस्थ फलक नको म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हाला पटते. उसगाळीमळची कातळशिल्पे कुशावतीच्या काठावर उघड्या जांभ्यावर कोरलेली आहेत. तिथे फलकाने पर्यटकाला वाहनतळापर्यंतच आणायचे. पुढे चालत जायची वाट आणि कोरीव भागावर पाय न देण्याची सूचना एका छोट्या फलकावर, कातळापासून दूर.

रंग आणि मापे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी 67 या संहितेप्रमाणे. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरे. राष्ट्रीय महामार्गावरचा नेहमीचा दिशाफलक हिरवा असतो, त्यात पर्यटनस्थळ घुसडू नये.

अक्षराच्या उंचीचा हिशेब सोपा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर जाते. तीन नावे वाचून निर्णय घ्यायला चार ते पाच सेकंद धरले तर 60 ते 70 मीटरवरून वाचता आले पाहिजे. एक सेंटीमीटर उंचीचे अक्षर साधारण पाच मीटरवरून वाचता येते, म्हणजे 12 ते 14 सेंटीमीटर. आम्ही महामार्गालगत 15 घेतो. देवनागरीत ही उंची मूळ अक्षराची धरायची, मात्रा-उकार सोडून. ओळीला दीडपटीहून अधिक जागा ठेवावी लागते. रोमन ओळीच्या मापात देवनागरी बसवली की वेलांटी वरच्या ओळीला टेकते आणि रात्री दिव्याच्या उजेडात जोडाक्षरांतली पोकळी भरून गेल्यासारखी दिसते. म्हणून रेषा थोडी बारीक आणि अक्षरांतली जागा मोकळी ठेवतो. एका फलकावर तीनच नावे. चौथ्या नावाचा आग्रह झाला तर दुसरा फलक, तोही अंतर सोडून पुढे.

मोठ्या फलकाला दोन मिलिमीटर ॲल्युमिनियम. 60 सेंटीमीटरपेक्षा लहान फलकाला दीड मिलिमीटर चालते. शीट चढवण्याआधी पत्रा ग्रीसमुक्त आणि पूर्ण कोरडा हवा. जून ते सप्टेंबर हवेतली ओल एवढी असते की बंद खोलीशिवाय हे काम करूच नये, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात फुगे येतात. दोन पट्ट्या जोडायच्या झाल्या तर वरची खालचीवर चढवायची, कौलांसारखी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंडी खांब थेट भिडले की खारट ओलाव्यात पत्रा खाल्ला जातो, म्हणून मध्ये रबरी वॉशर आणि बोल्टाच्या डोक्याखाली नायलॉनचा.

खांबाचा पाया 45 बाय 45 सेंटीमीटर, खोली 60 सेंटीमीटर, एम-15 प्रतीचे काँक्रीट. कामात तडजोड होते ती नेमकी इथे. जांभ्याचा कातळ वर आला की खणणारे निम्म्यावर थांबतात, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात फलक कलतो. उरलेली खोली कातळ फोडणारा ब्रेकर लावून पुरी करायलाच हवी. शेताच्या बांधालगत उलट अडचण, माती भुसभुशीत. तिथे खड्डा रुंद घ्यावा लागतो. खणण्याआधी भूमिगत वीजवाहिनी आणि जलवाहिनी कुठून जाते ते संबंधित खात्यांकडून समजून घ्यायचे. तांबडी सुर्ल्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा 200 मीटर नियंत्रित असतो, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय पहारही मारू नये. अभयारण्यात वन खात्याची परवानगी लागते.

फलकाची खालची कड रस्त्याच्या माथ्यापासून दीड मीटर, पदपथ असेल तर दोन मीटरच्या वर. फलक रस्त्याला काटकोनात न ठेवता किंचित बाहेर वळवायचा, सुमारे पाच अंश, म्हणजे दिव्याची चकाकी थेट डोळ्यांत येत नाही. वळणावर ही दिशा कागदावर ठरत नाही. रात्री दुचाकीच्या डीपरवर येऊन बघावे लागते, कारण स्कूटरचा उजेड चारचाकीपेक्षा कमी.

धबधब्यांचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात वन खाते काही धबधब्यांवर प्रवेश बंद करते, दूधसागरच्या कुळ्याहून जाणाऱ्या जीपही थांबतात. फलक मात्र वर्षभर बोलावतच राहतो. आम्ही अशा नावाखाली बिजागरीची पट्टी देतो. ती उलटली की ‘सध्या बंद’ दिसते आणि कुलूप लागते. किल्ली कोणाकडे राहील हे आराखड्यातच लिहायचे. ही पट्टी महामार्गावरच्या पहिल्या फलकावर हवी. शेवटच्या फलकावर ‘बंद’ वाचून माणूस परत फिरत नाही, कुंपण ओलांडतो.

देखभालीचा करार आम्ही बसवण्याच्या कामाबरोबरच मागतो. मेअखेर एक फेरी: बोल्ट आवळणे, फणस-आंब्याच्या फांद्या छाटून घेणे. ऑक्टोबरमध्ये दुसरी, कारण तोवर रानमोडी आणि वेली फलकावर चढलेल्या असतात आणि सावलीतल्या शीटवर हिरवे शेवाळ येते. खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर तांबडी धूळ बसते आणि फलक रात्री उजळतच नाही, तिथे उन्हाळ्यातही एकदा धुवावे. साधे साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. थिनर आणि काथ्या कदापि नको, शीटचा वरचा थर जातो. जत्रेचे बॅनर खांबाला बांधलेले दिसले तर मंडळाला सांगून सोडवायचे, कापून टाकायचे नाहीत. प्रत्येक फलकाच्या मागे क्रमांक आणि संपर्क लिहिलेला असतो. पंचायतीने क्रमांक कळवला की नोंदवहीतून मजकूर, माप आणि बाणाची दिशा मिळते आणि मोजायला पुन्हा न जाता नवा पत्रा कापता येतो.