जुन्या डिझेल गाडीतील टर्बोचा आवाज: निदानाची सुरुवात कोठून करावी

टर्बो असलेल्या गाडीतून चढावर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, की गॅरेजमध्ये बहुधा पहिले वाक्य ‘टर्बो गेला’ हेच ऐकू येते. मी अलीकडेच २०१७ सालची, दीड लिटर डिझेल इंजिनाची एक सेडान विकत घेतली आणि आरसी माझ्या नावावर होण्याआधीच हे वाक्य माझ्याही वाट्याला आले. इंजिन चांगले होते, गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला चालू होत होती. परंतु चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून शिट्टी आणि तिच्यासोबत हवा सुटल्यासारखा ‘स्स्स’ असा आवाज येई, पिकअप कमी जाणवे आणि मागून काळा धूर दिसे. टर्बो बदलण्याचा खर्च मोठा असतो, आणि केवळ कानाने ऐकून तो निर्णय घेणे मला मुळीच पटत नव्हते. म्हणून आवाज नेमका कोठून येतो याचा शोध मी सुट्या भागाच्या दुकानात जाण्याआधी घेतला.

जुनी गाडी नव्याने घेणाऱ्याची खरी अडचण अशी असते, की त्या गाडीचा मूळचा आवाज कसा होता हे त्याला ठाऊक नसते. टर्बोला स्वतःचा थोडा आवाज असतोच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर त्यातील टर्बाइन फिरते आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकावरील कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतो. लहान गाड्यांमध्ये हा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. दीड लाख म्हणजे सेकंदाला २५०० फेरे, आणि त्या वेगाशी जुळणारा सूर माणसाच्या कानाला अतिशय स्पष्ट ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतो. त्यामुळे हलकी शिट्टी हा दोष नव्हे. त्याच मॉडेलची, चांगल्या स्थितीतील दुसरी गाडी मिळाली तर ती एकदा चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह उपाय आहे. माझ्या एका स्नेह्यांकडे तशी गाडी होती आणि तिच्यातील शिट्टी माझ्या गाडीपेक्षा कितीतरी सौम्य होती.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे: आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, की इंजिनावर पडणाऱ्या भाराबरोबर? गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिली तर फेरे वाढतात, पण भार जवळजवळ नसतो आणि टर्बो फारसा दाब निर्माण करत नाही. अशा वेळीही आवाज येत असेल तर अल्टरनेटरचे बेअरिंग, बेल्टचा टेन्शनर, व्हॅक्यूम पंप किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप यांच्यावर आधी संशय घ्यावा. उलट, न्यूट्रलमध्ये गाडी शांत असेल आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला १८०० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान पाय दाबताच आवाज उठत असेल, तर शोध टर्बो आणि त्याच्या हवेच्या मार्गापुरता मर्यादित होतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागणारा खंबाटकीचा चढ या परीक्षेसाठी उत्तम आहे, कारण तेथे भार पुरेसा वेळ टिकून राहतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला खिडकी उघडून लक्षपूर्वक ऐकता येते. माझ्या गाडीचा आवाज भाराशी बांधलेला होता. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढताच तो तत्काळ थांबत असे.

आवाजाच्या जातीही वेगवेगळ्या असतात. टर्बोचे बेअरिंग झिजले किंवा शाफ्टचा तोल गेला, की रुग्णवाहिकेच्या सायरनप्रमाणे चढत-उतरत जाणारा तीव्र सूर येतो. कॉम्प्रेसरची पाती कवचाला घासू लागली तर धातू खरवडल्याचा आवाज स्पष्ट कळतो. इंजिनातील जळलेला वायू गोळा करून बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असेल तर इंजिन थंड असताना टक-टक किंवा फट-फट ऐकू येते, धातू तापून प्रसरण पावला की ते बरेच कमी होते, आणि सांध्याभोवती काजळी दिसते. दाबाखालची हवा गळत असेल तर मात्र ‘स्स्स’ हा आवाज प्रधान असतो आणि फट अरुंद असल्यास त्यातून शिट्टीही निघते. माझ्या गाडीची लक्षणे या शेवटच्या प्रकाराकडे झुकत होती.

बॉनेट उघडून मी प्रथम एअर फिल्टरची पेटी पाहिली. घाईघाईने सर्व्हिस केलेल्या गाड्यांत तिच्या क्लिपा तुटलेल्या किंवा झाकण नीट न बसलेले वारंवार आढळते, आणि त्या फटीतून ओढली जाणारी हवा टर्बोचा सूर कितीतरी मोठा करून ऐकवते. येथे सर्व ठीक होते. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबामुळे तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप हाताने चाचपले. त्यांच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच, कारण क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतील, ऑइलची वाफ त्याच मार्गाने इंजिनात परत सोडलेली असते. एवढ्यावरून टर्बोचे सील गेले असा निष्कर्ष काढू नये. पण पाइपच्या बाहेरच्या बाजूस ओलसर, धूळ चिकटलेली काळी रेघ दिसली, तर तेथून हवा बाहेर पडते आहे असे बहुधा समजावे. इंटरकूलरहून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपच्या खालच्या अंगाला, वरून पाहता न दिसणाऱ्या जागी, तशी रेघ मला सापडली. इंजिन बंद असताना तेथे चीर दिसत नव्हती.

संशय पक्का करण्यासाठी गाडीच्या संगणकातील आकडे आणि दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. इंजिन चालू न करता केवळ चावी फिरवली असता इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधील दाबाच्या सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे ९५ किलोपास्कल असतो, मुंबईत १०१ च्या आसपास. सेन्सरने ९५ दाखवले, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवता येत होता. चढावर मात्र इंजिनाचा संगणक २१० किलोपास्कल मागत होता आणि प्रत्यक्षात दाब १७५ च्या पुढे जात नव्हता. पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी पडत असल्याचा कोडही मेमरीत होता. एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो: हा कोड टर्बो खराब झाल्याचे सांगत नाही, अपेक्षित दाब मिळत नाही एवढेच सांगतो. पाइप फाटला, अ‍ॅक्च्युएटरची, म्हणजे टर्बोची पाती हलवणाऱ्या भागाची, व्हॅक्यूमची नळी निसटली, टर्बोमधील हलती पाती काजळीने अडकली किंवा टर्बो खरोखर झिजला, तरी कोड हाच येतो.

काळ्या धुराचे कारणही यातूनच उलगडते. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडले जाते, पण मोजलेली हवा वाटेतच गळून गेली तर डिझेल पूर्ण जळत नाही. आणि गळती भरून काढण्यासाठी टर्बोला नेहमीपेक्षा अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून अशी गाडी ‘फक्त आवाजच तर आहे’ असे म्हणून महिनोन्महिने चालवणे धोक्याचे आहे: शंभर-दोनशे रुपयांच्या क्लॅम्पचा किंवा एका पाइपचा दोष शेवटी चांगल्या टर्बोचा बळी घेऊ शकतो.

गॅरेजमध्ये हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडण्याची चाचणी केली, तेव्हा पाइप फुगताच त्याच रेघेतून धूर बाहेर आला. धुराचे यंत्र नसेल तर हलका दाब देऊन साबणाचे पाणी लावले, तरी बुडबुडे जागा दाखवतात.

पाइप काढलेलाच होता, म्हणून फिल्टरच्या बाजूची नळीही सोडवून, इंजिन पूर्ण थंड असताना, टर्बोचा शाफ्ट बोटांनी तपासला. बहुतेक टर्बोंमध्ये शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे कोरड्या स्थितीत बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे. पण आत-बाहेर सरकणे जाणवता कामा नये आणि पाते कवचाला टेकता कामा नये. पात्यांच्या कडा शाबूत होत्या, शाफ्ट सहज फिरत होता. त्या क्षणी टर्बो बदलण्याचा विषय माझ्यापुरता संपला.

तो खरोखर गेलेला असता, तरी नुसता नवा बसवून भागले नसते. टर्बो बहुधा ऑइल कमी मिळाल्यामुळे, घाण ऑइलामुळे किंवा बाहेरचा एखादा कण पात्यांवर आदळल्यामुळे मरतो. ऑइलची नळी कार्बनने चोंदलेली असेल तर नवा टर्बोही त्याच मार्गाने जातो. शिवाय सायरनसारख्या सुराबरोबर मागून निळा धूर येत असेल, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी. सील फुटून ऑइल हवेच्या मार्गात शिरले, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर अनियंत्रित धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

नवा पाइप आणि दोन्ही टोकांचे नवे क्लॅम्प बसवल्यावर कोड पुसला आणि पुन्हा खंबाटकी चढून पाहिले. दाब आता २०५ ते २१० दरम्यान टिकतो, काळा धूर नाही, आणि राहिलेली शिट्टी स्नेह्यांच्या गाडीइतकीच आहे. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी नसल्यामुळे इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर मी लगोलग बदलून घेतले आहेत. पुढच्या सर्व्हिसला ऑइलची नळी उघडून तिच्या आतील कार्बन पाहायला मेकॅनिकला सांगून ठेवले आहे.